छायाचित्रे, नावे आणि आपली भूमी



प्रस्तुत स्मरणिकेसाठी घरोघरची जुनी छायाचित्रे पाठवावी, अशी विनंती आम्ही रविवारच्या मिस्सानंतर केली, तेव्हा आपण तिला उदारपणे मान दिला. ट्रंकांच्या तळाशी व प्रार्थनापुस्तकांच्या पानांत जपलेली चित्रे आमच्या मेजावर जमा झाली. परंतु त्यांपैकी बहुतेकांच्या पाठी कोऱ्या होत्या. एका चित्रात विहिरीपाशी अकरा जण उभे आहेत. ते कोण, हे ज्या कुटुंबाने चित्र दिले त्यासही सांगता येईना. अखेर धर्मग्रामातील एका वृद्ध आजींस ते दाखविले. चेहरे त्यांनी ओळखले नाहीत. प्रथम त्यांनी विहिरीवरचा लिंब ओळखला, मग विहीर, मग ती विहीर ज्या उन्हाळ्यात आटली तो उन्हाळा. आणि त्यानंतर एकामागून एक सात जणांची नावे त्यांच्या मुखातून बाहेर पडली. उरलेले चौघे अनामिकच राहिले.

या प्रसंगावरून आमच्या मनात जो विचार आला, तोच या लेखाचा विषय होय. माणसाचे चित्र त्याच्या नावावाचून व त्याच्या भूमीवाचून अपुरे असते. आपल्या नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांकडे कॅमेऱ्याने आजवर कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा इतिहास थोडक्यात पाहिला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जगापुढे आली व लवकरच मुंबईस पोहोचली. १८५४ साली तेथे या कलेच्या अभ्यासकांची संस्थाही स्थापन झाली. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नामक छायाचित्रकाराने १८६३ ते १८६६ च्या दरम्यान शहरातील निरनिराळ्या जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील माणसे खरी होती. परंतु त्यांच्या पाठीमागचा देखावा मात्र दुसऱ्याच चित्रातून आणून जोडलेला असे. ज्या मातीवर ती माणसे उभी दिसतात, ती त्यांची नव्हेच. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या ग्रंथाचे आठ खंड निघाले. त्यांत माणसाचा परिचय बहुधा त्याच्या जातीच्या वा जमातीच्या नावाने करून दिलेला आहे. आईबापांनी ठेवलेले नाव विचारण्याची गरज राज्यकर्त्यांस भासली नाही. कारण त्यांस माणूस पाहावयाचा नव्हता, नमुना पाहावयाचा होता.

आपला मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैद्राबाद संस्थानात होता. या संस्थानाचे नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे होत. त्यांचा जन्म १८४४ साली सरधना येथे झाला. बेगम समरूने बांधविलेल्या पवित्र मरियेच्या मंदिरामुळे हे गाव कॅथलिक वाचकांस परिचित असेलच. रुडकीच्या महाविद्यालयात स्थापत्यशास्त्राचे शिक्षण घेऊन ते इंदूरला नोकरीस लागले. तेथे त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी त्यांस आश्रय मिळाला. राजवाडे, शिकारी, मेजवान्या व लवाजमे यांची त्यांची चित्रे आजही थक्क करून सोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो भीषण दुष्काळ पडला, त्यात औरंगाबाद जिल्ह्यातील साहाय्यकार्याची चित्रेही त्यांनी घेतली. दीनदयाळांच्या कौशल्याविषयी कोणास शंका नाही. परंतु दरबारी छायाचित्रकारास चित्र सांगणारा धनी निराळा असतो व चित्रात दिसणारा गरीब निराळा असतो. अशा चित्राखाली कामाचे व स्थळाचे नाव येते. डोईवर मातीची पाटी घेतलेल्या बाईचे नाव येण्याचे कारणच पडत नाही.

यानंतरचा अध्याय किनवटच्या रानाकडे नेतो. आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका १९५६ सालापर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. साग, मोह व तेंदू यांनी भरलेल्या या डोंगराळ मुलखात गोंड व कोलाम लोकांची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती. सरकारने रान राखीव केले, तेव्हा त्यांची शेती बेकायदा ठरली. वसुली करणाऱ्यांचा व जंगलखात्याचा जाच वाढला. १९४० साली कुमराम भीम याच्या नेतृत्वाखाली जोडेघाट येथे गोंडांनी प्रतिकार केला, आणि तो पोलिसांच्या गोळीस बळी पडला.

यानंतर क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ या भागात आला. जन्माने ऑस्ट्रियन असल्यामुळे, दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारच्या दृष्टीने तो शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला व त्यास हैद्राबाद संस्थानातच राहावे लागले. ही अडचण अभ्यासास उपकारक झाली. पत्नी बेट्टी हिच्यासह तो मार्लवाई या गोंड गावी झोपडी बांधून राहिला, गोंडी भाषा शिकला, आणि लोकांचे सण, नाच, शेती व अंत्यविधी यांची असंख्य चित्रे त्याने घेतली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्याने नुसती चित्रे घेतली नाहीत; कथाही ऐकल्या. गोंडांचे परधान नामक भाट किंगरीच्या सुरावर प्रत्येक कुळाची उत्पत्तिकथा गातात. कोणता पूर्वज कोणत्या डोंगरातून आला, कोणत्या नदीपाशी थांबला, हे सर्व त्या गाण्यात असते. या कथा त्याने टिपून घेतल्या, व १९४८ साली ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ या ग्रंथात त्या प्रसिद्ध झाल्या. १९४३ साली मार्लवाईस गोंडी मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू झाली, आणि पुढे हजारो आदिवासींस जमिनीचे पट्टे मिळाले, त्यातही त्याचा मोठा वाटा होता. बेट्टी १९८७ साली वारली. मार्लवाईकरांनी तिला आपल्या गावच्या मातीत विसावा दिला. हायमेनडॉर्फ १९९५ साली लंडनमध्ये वारला. त्याच्या अस्थीही पुढे तेथेच आणण्यात आल्या. ज्यांची चित्रे त्याने घेतली, त्यांच्याच भूमीत त्यास जागा मिळाली. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र छायाचित्रकारास कोणते हवे?

आता लातूरकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात जो भूकंप झाला, त्याची आठवण सांगताना आजही अनेकांचा कंठ दाटून येतो. गणेशविसर्जनाच्या रात्री दमून निजलेली गावे पहाट पाहू शकली नाहीत. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून आठ ते दहा हजार माणसे मृत्यू पावली. नंतरच्या दिवसांत वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी घेतलेली चित्रे जगभर गेली. त्या चित्रांत चितांचा धूर आहे, रडणाऱ्या माता आहेत, आणि सर्वत्र दगडांचे ढीग आहेत.

त्या ढिगांकडे नीट पाहिले म्हणजे एक सत्य उमगते. आपल्याकडे घराची भिंत काळ्या दगडांची व मातीत रचलेली, दोन दोन हात जाड. वर लाकडी तुळयांवर जाड मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारे हेच घर धरणी हलताच अंगावर कोसळले. हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक मानला जात असे. म्हणून कोणी सावध नव्हते. मृत्यू केवळ धरणीकंपाने ओढवला नाही, बांधणीनेही ओढवला, ही गोष्ट त्या चित्रांतील एकेक ढीग सांगतो. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, बांधकामाचे नियम बदलले, आणि २००२ च्या भूकंप-नकाशात या भागाची नोंद अधिक धोक्याच्या श्रेणीत झाली. चित्र असे नीट वाचले तर ते उद्याचे जीव वाचविते.

तथापि या चित्रांची दुसरी बाजूही आहे. शोकात बुडालेल्या आईस ‘फोटो घेऊ का?’ असे विचारण्याइतका वेळ त्या घाईत किती जणांनी काढला असेल? तिचे मुख जगाने पाहिले. तिचे नाव जगास कळले नाही. आणि ज्यांची घरे गेली, त्यांच्या घरांतील लग्नाची, बारशाची, बाप्तिस्म्याची चित्रेही त्याच ढिगाऱ्यांखाली गेली. परक्यांपाशी त्यांच्या दुःखाचे चित्र उरले. त्यांच्यापाशी त्यांच्या सुखाचे एकही उरले नाही. हा अन्याय लहान नव्हे.

दुसरे एक चित्र आपणां सर्वांस आठवत असेल. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याने भरलेली आगगाडी लातूरला पोहोचली. ‘जलदूत’ या नावाने ती प्रसिद्ध झाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. वाघिणींच्या त्या रांगेचे चित्र देशभर छापले गेले, आणि लातूर म्हणजे तहान, असे समीकरण झाले. परंतु मांजरा धरण कोरडे का पडले, हे ते चित्र सांगत नाही. लागोपाठ ओढ देणारे पावसाळे, खोल खोल जाणाऱ्या कूपनलिका आणि फार पाणी पिणारे उसाचे पीक, ही कारणे कथेने सांगावी लागतात. त्याच वर्षी पावसाळ्यात मांजरा धरण भरले, तेव्हा तितके छायाचित्रकार तेथे गेले नाहीत. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ या परिपत्रकाद्वारे जगास हीच शिकवण दिली की, भूमीचे दुःख व गरिबाचे दुःख ही दोन नव्हेत. मग त्यांची चित्रेही वेगळी काढून कसे चालेल?

आशादायक गोष्ट अशी की, निराळ्या रीतीने काम करणारे लोकही आज आहेत. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह सुरू केला. त्यात मराठवाड्यातील शेतकरी, मजूर व कारागीर यांची चित्रे त्यांच्या नावांसह, गावांसह व त्यांच्याच शब्दांसह येतात, आणि मराठीतही वाचावयास मिळतात. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा ठेवाही या संग्रहाद्वारे लोकांपुढे येत आहे. तेथे ओवीबरोबर गाणारणीचे व गावाचे नाव जपले जाते. जी पूर्वी केवळ ‘दळणारी बाई’ होती, ती तेथे कवयित्री म्हणून ओळखली जाते.

ख्रिस्तसभेस ही रीत नवी नाही. त्रेंतच्या महासभेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली, आणि तेव्हापासून गरिबातल्या गरीब मुलाचेही नाव आईबापांच्या व धर्ममातापित्यांच्या नावांसह लिहिले जाते. आमच्या कार्यालयातील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत नावे आहेत, चेहरे नाहीत. आपल्या ट्रंकांत चेहरे आहेत, नावे नाहीत. या दोहोंची गाठ घालून देणे, हे या महोत्सवी वर्षाचे एक काम व्हावे, अशी आमची इच्छा आहे.

त्यासाठी फार खटाटोप नको. छायाचित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, डावीकडून उजवीकडे उभ्या असलेल्यांची नावे लिहावी. गाव, वर्ष व प्रसंग लिहावा. मागे झाड, विहीर, नदी वा शेत दिसत असेल तर त्याचेही नाव लिहावे. कारण माणसे विसरली तरी लिंब आठवतो, हे आपण पाहिलेच आहे. मोबाइलमधील चित्रांसही हेच लागू आहे. घरातील वृद्धांजवळ या कामासाठी आजच बसावे. पुढच्या वर्षावर टाकू नये. आणि दुसऱ्याचे चित्र घेण्यापूर्वी, विशेषेकरून तो दुःखात असताना, त्याची अनुमती घ्यावी.

पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालिया हिने प्रभू येशूस प्रत्यक्ष पाहिले, तरी ओळखले नाही. त्यास ती माळी समजली. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हाच तिला ओळख पटली. नुसते पाहणे पुरेसे नव्हते. नाव उच्चारले जावे लागले. आमच्या मेजावरील त्या चित्रातील चौघे अजून विहिरीपाशी तसेच उभे आहेत. ते चित्र या अंकात पुढे छापले आहे. कोणास त्यांची नावे ठाऊक असल्यास कृपा करून कळवावी. तोवर प्रत्येक मिस्सात आम्ही त्यांचे स्मरण करू. परमेश्वरास ती नावे ठाऊक आहेत.