दारावर राहिलेले नाव

अमेरिकेत टेक्सस सिटी इथल्या एका प्लंबरने ऑक्टोबर २०१३ मध्ये आपली २००५ सालची फोर्ड एफ-२५० पिकअप ह्यूस्टनच्या एका विक्रेत्याला देऊन दुसरी गाडी घेतली. डिसेंबर २०१४ मध्ये ती जुनी पिकअप सीरियातल्या एका छायाचित्रात दिसली. मागच्या हौद्यात विमानविरोधी तोफ होती, आणि दारावर प्लंबरच्या धंद्याचे नाव फोन नंबरासकट शाबूत होते.

या प्रकरणावर तेव्हा भरपूर छापून आले. पण घटनाक्रम पक्का करायचा तर आधार मोजकेच उरतात: ते छायाचित्र, गाडीच्या हस्तांतरांचा अहवाल, प्लंबरने त्या दिवसांत वार्ताहरांना सांगितलेली हकिगत आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्याने हॅरिस काउंटीच्या न्यायालयात विक्रेत्याविरुद्ध केलेला दावा. या चारांचे वजन सारखे नाही.

सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे गाडीचा अहवाल. गाडीच्या हस्तांतरांच्या नोंदी तिच्या चेसिस क्रमांकाखाली जमा होतात, आणि या नोंदी वाद उभा राहण्याच्या वर्षभर आधीच्या आहेत. त्या करणाऱ्याला कोणाची बाजू घ्यायची नव्हती. त्यानुसार ११ नोव्हेंबर २०१३ रोजी गाडी टेक्ससमधल्याच लिलावात विकली गेली आणि १८ डिसेंबरला ह्यूस्टनहून तुर्कस्तानच्या मर्सिन बंदराकडे निर्यात झाली. लिलाव ते निर्यात, मध्ये फक्त ३७ दिवस. दणकट जुन्या पिकअपना परदेशात गिऱ्हाईक असते, त्यामुळे या नोंदींत कोणाला काही खटकण्याचे कारण नव्हते. अहवाल मर्सिनपाशी थांबतो. पुढचा दुवा थेट छायाचित्राचा, तोही अलेप्पोच्या आघाडीवरचा.

छायाचित्राबाबत एक दुरुस्ती करायलाच हवी. अनेक बातम्यांनी ही गाडी ‘इसिसची’ ठरवली. प्रत्यक्षात ते चित्र प्रसृत केले ‘जबहत अन्सार अल-दीन’ या जुलै २०१४ मध्ये बनलेल्या वेगळ्या जिहादी आघाडीने. दारावरच्या नंबरावर टेक्ससमध्ये फोन करून शिव्या देणाऱ्यांना हा फरक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र तो पुसता येणार नाही.

आता खरा प्रश्न: नाव दारावर राहिले कसे? दाव्यात प्लंबर म्हणतो की गाडी देताना आपण स्टिकर सोलायला सुरुवात केली होती, पण रंग खराब होईल असे सांगून विक्रेत्याच्या माणसाने थांबवले. वर्षभर आधी, चित्र नुकतेच पसरले तेव्हा, त्याने वार्ताहरांना सांगितले होते की गाडी विकताना आपण एरवी नाव काढतो, या वेळी काढले नाही, ते काम विक्रेता करील असे वाटले. दोन्ही सांगण्यांचा मेळ बसतो. गाडी सोडताना नाव तिच्यावर होते आणि ते दुसरा कोणी काढील अशी मालकाची समजूत होती, एवढे मी निश्चित धरतो. सेल्समनने थांबवले, हे दाव्यातले एका बाजूचे विधान आहे. दावा भरपाईसाठी लिहिलेला असतो, आणि ही भरपाई १० लाख डॉलरहून अधिक मागितली होती, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे.

पण नुकसान झाले यात शंका नाही. दाव्यानुसार पहिला दिवस संपेतो हजारावर फोन आले, त्यांत धमक्याही होत्या. तपास यंत्रणांची माणसे चौकशीला आली. कायद्याने गाडी केव्हाच दुसऱ्याची झाली होती, पण लोकांनी वाचले ते दार.

आपल्याकडे चित्र उलटे दिसते: दारावरचे नाव नवा मालक आवडीने बदलतो, आरसीवरचे तसेच राहते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. तरीही सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या हाती देऊन मोकळे होणारे असंख्य आहेत. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणाचा निकाल दिला. २००७ मध्ये विकलेली गाडी पुढे आणखी हातांतून गेली, २००९ मध्ये तिने अपघात केला, आणि भरपाईची जबाबदारी आली ती नोंदणीत नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. १ एप्रिल २०२३ पासून गाडी अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याचे सरकारी पोर्टलवर कळवले की नव्या मालकाचे नाव चढेपर्यंतची जबाबदारी त्या विक्रेत्याकडे जाते. पण ओळखीतल्या माणसाला किंवा परस्पर एजंटामार्फत विकलेल्या गाडीला हे संरक्षण नाही.

म्हणून जुनी पिकअप विकणाऱ्यांना सांगणे आहे: फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव आणि तारीख भरल्याशिवाय सही करू नका, आरटीओची पोच जपून ठेवा, आरसीवर नवे नाव चढल्याची खात्री स्वतः करा. आणि किल्ली देण्याआधी दारावरचे आपले नाव व नंबर स्वतःच्या हाताने काढा, रंग खराब झाला तरी चालेल.