अठ्ठावीस अक्षरांच्या आड

रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात फादरांची परीक्षा घेण्याची संधी मुले सहसा दवडत नाहीत. गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील आठवीच्या एका मुलाने उभे राहून एका दमात ‘अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम’ असा शब्द म्हणून दाखविला आणि आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. रोमन लिपीत त्याची अक्षरे २८ भरतात, हे त्याने आधीच मोजून ठेवले होते. “याचा अर्थ काय रे?” असे आम्ही विचारताच मात्र स्वारी गप्प झाली. “फादर, सगळ्यांत लांब शब्द आहे, एवढंच ठाऊक आहे.”

त्याचा यात दोष नाही. इंग्रजांच्या देशातही हा शब्द अर्थासाठी क्वचितच वापरला जातो. लांबीचा नमुना म्हणूनच तो मिरवला जातो. मिरविण्यापुरते शब्द आपल्याकडेही आहेत. ‘किंकर्तव्यविमूढ’ हा शब्द आम्ही शाळेत असताना निबंधात हटकून घालीत असू, आणि गुरुजींनी अर्थ विचारला की आमची अवस्था त्या शब्दाप्रमाणेच होई. तथापि या अठ्ठावीस अक्षरांच्या आड एक इतिहास दडला आहे आणि तो आमच्या उत्तन-डोंगरी-भाईंदरच्या वाटेवरून गेलेला आहे. तो त्या मुलाला एका तासात सांगून झाला नाही, म्हणून हा लेख.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘एस्टॅब्लिश्ड’ चर्च म्हणजे राज्याने कायद्याने आपले मानलेले, आपल्या छत्राखाली घेतलेले चर्च. ते छत्र काढून घेणे म्हणजे ‘डिसएस्टॅब्लिशमेंट’. त्याला विरोध करणाऱ्यांचे मत म्हणजे हा संपूर्ण शब्द. मराठीत याचे मर्म एका शब्दात सांगता येते : राजाश्रय. राजाश्रय सुटू नये असे म्हणणाऱ्यांचा हा पंथ.

हा वाद पेटला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात सर्वाधिक पोळले ते आयर्लंडचे कॅथलिक शेतकरी. तेथील चारांपैकी तिघांहून अधिक माणसे कॅथलिक, पण राज्याचे अधिकृत चर्च अँग्लिकन. ज्या उपासनेला ही माणसे कधी गेली नाहीत, तिच्या धर्मगुरूंसाठी त्यांना दशांश भरावा लागे. न भरल्यास गोठ्यातली गाय नेली जाई. १८३४ च्या डिसेंबरात कॉर्क परगण्यात एका विधवेच्या थकलेल्या दशांशापायी शिपायांनी गोळ्या झाडल्या व माणसे मारली गेली. पुढे ग्लॅडस्टन पंतप्रधान असताना १८६९ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १८७१ पासून तेथील अँग्लिकन चर्चचा राजाश्रय संपला. वेल्समध्ये तो १९२० मध्ये संपला. खुद्द इंग्लंडमध्ये तो अजून आहे; तेथील २६ बिशप आजही उमरावांच्या सभागृहात बसतात. मुलांनी थट्टेत घेतलेल्या शब्दात त्या विधवेचे धान्य आहे, हे कोणी त्यांना सांगत नाही.

हिंदुस्थानातही हेच छत्र होते. १८१३ च्या सनदेनंतर कलकत्त्यास अँग्लिकन बिशप आला, १८३७ मध्ये मुंबईस आला, आणि त्यांचे पगार हिंदुस्थानच्या महसुलातून निघत. येथील ते नाते १९२७ च्या कायद्याने सोडविले गेले व १९३० पासून ती व्यवस्था अमलात आली. आज आपल्या राज्यघटनेचे २७ वे कलम सांगते की विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावरही कर देण्याची सक्ती करता येणार नाही. आयरिश शेतकऱ्याला हे कलम वाचून केवढा दिलासा वाटला असता!

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याही पूर्वजांवर एक छत्र होते, ते पोर्तुगालच्या राजाचे. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. पोपमहोदयांनी दिलेल्या अधिकाराने राजा बिशपांची नावे सुचवी, मंदिरे बांधी, धर्मगुरूंना वेतन देई. १५३४ हे वर्ष पाहा : याच वर्षी गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि याच वर्षाच्या अखेरीस गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. तलवार आणि क्रूस एकाच गलबतातून उतरले. त्या छत्राखाली साष्टी व वसईत मंदिरे उभी राहिली हे खरे. पण शेजाऱ्यांची देवळे पाडली गेली, आणि गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे न्यायासन चालले, हेही तितकेच खरे. आमच्या काही लेखकांना पहिली बाजू सांगताना दुसरी आठवत नाही. आम्हांस हे योग्य वाटत नाही.

हे छत्र उडाले ते कोणत्याही कायद्याने नव्हे. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईचा किल्ला शरण आला. चौकच्या धारावी किल्ल्यापाशी उभे राहिले की खाडीपलीकडे वसई दिसते. ज्यांनी हा डोंगर धरला त्यांना खाडीचे तोंड धरता आले, हे तेथे कोणालाही पटेल. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. बरीच मंदिरे ओसाड पडली. आयर्लंडमध्ये ज्याची चर्चा व्हायला अजून शंभरावर वर्षे होती, ते आमच्या या बेटावर काही महिन्यांत घडले : राजा गेला, वेतन गेले, छत्र गेले.

मग श्रद्धाही गेली का? याचे उत्तर देणारा एक परका साक्षीदार आहे. आंकेतील द्युपेरॉं हा फ्रेंच विद्वान पारशांच्या अवेस्ताचा अभ्यास करण्यासाठी सुरतेस येऊन राहिला होता. १७६० मध्ये तो साष्टीतून प्रवास करीत असताना ठाण्यास एका ख्रिस्ती सणाला हजर राहिला. आपल्या ग्रंथात त्याने नोंदविले आहे की सण गोव्याइतक्याच थाटात साजरा झाला आणि रस्ता ख्रिस्ती लोकांच्या गर्दीने भरून गेला होता. राज्य पेशव्यांचे होते, वेदीपाशी देशी पाद्री होते, आणि पोर्तुगालच्या खजिन्यातून एक दमडी येत नव्हती. एकवीस वर्षांत सर्व विझून जायला हवे होते, अशी कोणी अपेक्षा केली असल्यास ती खोटी ठरली.

मात्र छत्राची सवय लवकर सुटत नाही, हेही कबूल केले पाहिजे. इंग्रजी अमदानीत पाद्रोआदो आणि रोमहून नेमलेले धर्माधिकारी यांच्यात हुकमतीवरून जे भांडण झाले, त्याने गावोगावी भाऊ भावाशी बोलेनासा झाला. १८८६ मध्ये साष्टी-वसईचा भाग दमणच्या धर्मप्रांताकडे गेला. तो धर्मप्रांत १९२८ मध्ये मुंबईत विलीन झाला. त्यानंतरही मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावेत असा करार होता. तो मागे पडून १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस हे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. मधल्या काळात, १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी येथील मूळच्या कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. मुंबईत नोकरीसाठी येणाऱ्या गोवेकर व मंगळूरकर बांधवांहून आपण वेगळे आणि सरकारचे जुने रयत, हे दाखविण्याचा त्यात हेतू होता. एक राजा गेला तर दुसऱ्या राणीच्या सावलीत उभे राहावे, असे आजोबा-पणजोबांना वाटले. उपाशी घराला नोकरी हवी असते; त्यांना आम्ही दोष देत नाही.

नंतर हे सर्व आम्ही त्या मुलाच्या आजीला सांगितले. आजीबाई उत्तनच्या, सारा जन्म मासळी विकण्यात गेलेला. त्यांनी तो इंग्रजी शब्द दोनदा म्हणवून घेतला, हसल्या, आणि एकच प्रश्न केला : “मंग फादर, राजा गेल्यावर देवळात तेल कोन घाली?” गावातल्यांनीच घातले असणार, असे आम्ही म्हणालो. “तेच तर,” म्हणून त्या टोपली उचलून चालू लागल्या.

पुढच्या रविवारी तो मुलगा २९ अक्षरांचा शब्द घेऊन हजर : ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’. तो ईटनच्या शाळेतील लॅटिन व्याकरणातल्या चार शब्दांना जोडून बनला आहे, आणि अर्थ एवढाच की एखाद्या गोष्टीला कवडीमोल ठरविणे. त्याला मात्र पाच मिनिटे पुरली.