बंद खोलीचा इतिहास

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईतील परळच्या के.ई.एम. रुग्णालयात हर्षा नावाची कन्या जन्मास आली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या परिश्रमांचे ते फळ होते. महानगरपालिकेच्या, म्हणजे गोरगरिबांच्या रुग्णालयात ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मल्याने निपुत्रिक घरांत आशा पालवली. अशा प्रसंगी आईविषयी आणि डॉक्टरांविषयी बरेच लिहिले जाते. पुरुषाकडून बीज कसे मिळवले जाते, याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. या विषयाची चर्चा आमच्या त्रैमासिकात क्वचितच झाली असेल. तरीही तो आपल्या घरांत शिरलेला असल्याने त्याचा इतिहास सभ्य शब्दांत मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

वंध्यत्वाच्या दवाखान्यात पतीच्या हाती एक डबी देतात आणि त्याला एका बंद खोलीत पाठवतात. काही ठिकाणी त्या खोलीत नग्न चित्रांची मासिके किंवा चित्रफिती ठेवलेल्या असतात. ब्रिटनमध्ये २०१० साली ‘ट्वेंटी ट्वेंटी हेल्थ’ या अभ्याससंस्थेच्या अहवालाने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. सरकारी आरोग्यसेवेतील काही रुग्णालये असे साहित्य पुरवतात, हे उघड होताच तेथे वाद पेटला. लोकांच्या करातून हा खर्च का व्हावा? त्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांनी हे का सोसावे? स्त्रीला वस्तू लेखणारे साहित्य उपचार म्हणून कसे चालते? असे प्रश्न विचारले गेले.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पत्नीने कित्येक दिवस इंजेक्शने घेतलेली असतात. ज्या दिवशी तिची बीजे काढली जातात, त्याच दिवशी पतीचा नमुना लागतो. भीतीने व संकोचाने त्याला तो देता आला नाही, तर तिचे सारे कष्ट वाया जाण्याचा संभव असतो. डॉक्टरांची ही अडचण खरी आहे, तिला हसून चालणार नाही.

आपल्या देशात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ साली अशा दवाखान्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नमुना देण्याची खोली एकांतात व प्रयोगशाळेजवळ असावी, तेथे हात धुण्याची सोय, साबण, स्वच्छ टॉवेल आणि शौचालय असावे, इतक्या बारकाईने त्यांत लिहिले आहे. खोलीत ‘योग्य वातावरण’ असावे असेही म्हटले आहे. साबण आणि टॉवेल नेमके सांगणाऱ्यांनी योग्य वातावरण म्हणजे काय, हे मात्र सांगितले नाही. पुढे २५ जानेवारी २०२२ पासून साहाय्यित प्रजननाचा कायदा अमलात आला. शुक्रदात्याचे वय २१ ते ५५ असावे, त्याच्या तपासण्या व नोंदी व्हाव्यात, हे त्याने ठरवले. खोलीतील मासिकांविषयी तोही मौन पाळतो.

वास्तविक अश्लीलतेविरुद्धचा कायदा आपल्याकडे जुना आहे. १९२३ साली जिनिव्हा येथे अश्लील प्रकाशनांच्या व्यापाराविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला अनुसरून हिंदुस्थानात १९२५ साली कायदा झाला आणि दंडविधानाचे २९२ वे कलम अधिक व्यापक झाले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या २९४ व्या कलमाने घेतली आहे. अश्लील साहित्याची विक्री व वितरण हा गुन्हा आहे. मग दवाखान्याने तेच रुग्णाच्या हाती ठेवणे हे वितरण होते की नाही? या प्रश्नाचा विचार कायदेपंडितांनी जरूर करावा.

या कायद्याचा आसूड मुंबईत कोणावर उगारला गेला, हे पाहण्यासारखे आहे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली खटला चालला. वाचकांनी लैंगिक जीवनाविषयी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी दिलेली उत्तरे, हा त्यांचा अपराध. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली, तरीही कर्व्यांना दंड झाला. संततिनियमनाच्या बाबतीत कर्व्यांची मते ख्रिस्तसभेच्या शिकवणीविरुद्ध होती, हे आम्ही लपवत नाही. परंतु संकोचाने गांजलेल्या माणसाला सरळ उत्तर देणे आणि त्याच्या हाती उत्तान चित्र देणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आपल्या समाजाने उत्तराला शिक्षा केली आणि चित्राकडे डोळेझाक केली.

या विषयावर ख्रिस्तसभेने मात्र मौन पाळले नाही. १८९७ साली रोमच्या होली ऑफिसने कृत्रिम गर्भधारणा अमान्य केली. रोगाच्या निदानासाठी हस्तमैथुनाने वीर्य मिळवणे योग्य आहे काय, असा प्रश्न १९२९ साली त्याच कार्यालयापुढे आला, आणि उत्तर नकारार्थी आले. पोप बारावे पायस यांनी १९५६ साली वंध्यत्वावरील परिषदेच्या प्रतिनिधींसमोर या निर्णयाचा पुनरुच्चार केला. तत्पूर्वी १९४९ साली त्यांनीच स्पष्ट केले होते, की पतिपत्नीच्या स्वाभाविक मीलनाला साहाय्य करणारे उपाय त्याज्य नाहीत. हर्षाच्या जन्मानंतर सहा-सात महिन्यांनी, २२ फेब्रुवारी १९८७ रोजी, ‘डोनम विटे’ हा दस्तऐवज निघाला. मूल ही देणगी आहे, तिच्यावर कोणाचा हक्क नाही, असे त्याने सांगितले. त्याचबरोबर कोणत्याही मार्गाने जन्मलेले बालक हे देवाच्या चांगुलपणाची जिवंत देणगी म्हणून प्रेमाने स्वीकारावे, असेही बजावले. हे दुसरे वाक्य विसरून पहिलेच घोकणारे धार्मिक लोक कितीतरी घरांना दुखावतात.

केवळ आपल्याच धर्माने हा विचार केला असे नाही. नियोगाची प्रथा महाभारतामुळे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मनुस्मृतीत नियोगाला नेमलेल्या पुरुषाने अंगास तूप माखून, मौन धरून, रात्रीच्या वेळी एकच पुत्र उत्पन्न करावा असा नियम आहे, आणि पुढे त्याच ग्रंथात या प्रथेची निंदाही आहे. ती प्रथा आम्हांला मान्य नाही. पण संतानप्राप्तीच्या कर्मातून वासना दूर ठेवली पाहिजे, ही जाणीव त्या तुपामागे व मौनामागे होती, हे नाकारता येत नाही.

आता आमच्या भिवंडीकडे वळतो. यंत्रमागांच्या या गावात अनेक प्रांतांचे, अनेक धर्मांचे लोक राहतात, पण मूल न झाल्याचा ठपका सर्वांच्या घरी आधी सुनेवर येतो. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचेही कारण असते, असे वैद्यकशास्त्र सांगते. तरी पुरुष तपासणीला जात नाही, कारण त्याला त्या खोलीची धास्ती असते. तो गेलाच, तर पत्नी बाहेर बाकावर बसते आणि तो आत अनोळखी स्त्रियांच्या चित्रांसमोर उभा राहतो. दोघांच्या संसारासाठी आरंभलेल्या उपचारात सहधर्मचारिणीलाच दाराबाहेर ठेवलेले असते. चित्रातली ती स्त्रीही कोणाची तरी लेक आहे. तिच्या अब्रूचा बाजार मांडून आपला पाळणा हलवावा काय?

मार्ग अगदीच नाहीत असे नव्हे. पतिपत्नींच्या मीलनाच्या वेळी सच्छिद्र वेष्टनाच्या साहाय्याने तपासणीसाठी नमुना घेण्याची पद्धत कॅथलिक वैद्यांना ठाऊक आहे. काही प्रयोगशाळा घरून आणलेला नमुना साधारण तासाभरात पोहोचल्यास स्वीकारतात. जोडप्याने डॉक्टरांना हे आधीच विचारावे. ‘आम्हांला ती मासिके नकोत’ असे सांगण्यास लाजू नये. धर्मगुरूंनी विवाहपूर्व शिबिरांत या विषयाला स्पष्ट शब्दांत स्थान द्यावे. सासूबाईंनी सुनेला उपासतापास सांगण्याआधी मुलाला वैद्याकडे धाडावे.

अपत्याची वाट पाहणारी हन्ना मंदिरात ओठ हलवत प्रार्थना करीत होती, तेव्हा एली याजकाला ती मद्यपी वाटली. तिने आपले दुःख सांगितल्यावर त्याने तिला शांतीने निरोप दिला. निपुत्रिक दांपत्य दाराशी आले असता आधी त्यांचे ऐकून घ्यावे आणि मग बोलावे, एवढे जरी आपल्या धर्मग्रामांनी केले, तरी त्या बंद खोलीत जाणारा पुरुष एकटा राहणार नाही.