मेल अडला कुठे?

१९९६ साली आलेल्या पामच्या ‘पायलट’ या हातात मावणाऱ्या यंत्राबरोबर एक छोटी बैठक मिळायची. यंत्र तिच्यात उभं करायचं, बैठकीची वायर संगणकाला जोडायची आणि ‘हॉटसिंक’चं बटण दाबायचं. क्षणभरात पत्ते, भेटींच्या वेळा आणि कामांच्या याद्या दोन्हीकडे सारख्या होत. कधी झाल्या नाहीत, तर संशयित मोजकेच होते: यंत्र, वायर आणि संगणक. तिघंही एकाच टेबलावर हजर असत.

वायर गेली आणि तपास टेबलाबाहेर पडला.

कॅनडातल्या वॉटर्लू शहरातल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९च्या जानेवारीत पेजरच्या चणीचं ‘ब्लॅकबेरी ८५०’ आणलं. ऑफिसचा मेल आता खिशात येऊ लागला. सुरुवातीच्या एका सोयीत माणसाच्या टेबलावरच्या संगणकातला छोटा प्रोग्राम आलेला प्रत्येक मेल उचलून ब्लॅकबेरीकडे धाडत असे. घरी जाताना सवयीने संगणक बंद केला, की मेलही बंद! तक्रार आली की पहिला प्रश्न ठरलेला असे: पीसी चालू ठेवला होता का?

मग कंपनीने ही जबाबदारी ‘ब्लॅकबेरी एंटरप्राइझ सर्व्हर’कडे दिली. तो ऑफिसच्या मेल सर्व्हरशेजारी बसे आणि ३१०१ या पोर्टवरून स्वतःच बाहेर, ब्लॅकबेरीच्या केंद्राशी जोडणी उघडे. बाहेरून आत येण्यासाठी फायरवॉलमध्ये वेगळं दार ठेवावं लागत नसे, म्हणून सुरक्षेची काळजी वाहणारे खूश होते. तिथून पुढे मोबाइल कंपनीच्या नेटवर्कपर्यंत मेल पोचवणं हे ब्लॅकबेरीचं काम. ऑफिस आणि फोन यांच्यामध्ये एक मध्यस्थ उभा राहिला, आणि बरीचशी कटकट त्याने स्वतःकडे घेतली.

मध्यस्थच आजारी पडला, तर मात्र उपाय नव्हता. १० ऑक्टोबर २०११ रोजी ब्लॅकबेरीच्या यंत्रणेतला एक मुख्य स्विच बिघडला आणि पर्यायी व्यवस्थेनेही ऐन वेळी साथ दिली नाही. युरोप, पश्चिम आशिया, आफ्रिका आणि भारतातले मेल रखडले; पुढे उत्तर अमेरिकेलाही झळ बसली. संस्थापकांपैकी एक, माइक लझारिडिस यांनी व्हिडिओवरून माफी मागितली. ऑफिसातला अ‍ॅडमिन आपला सर्व्हर कितीही वेळा सुरू-बंद करो, त्याचा उपयोग शून्य.

तोवर दुसरी वाट रुळली होती. मायक्रोसॉफ्टने २००५च्या ऑक्टोबरमध्ये एक्स्चेंज २००३ या आपल्या मेल सर्व्हरचा दुसरा सर्व्हिस पॅक आणला; त्यात ‘डायरेक्ट पुश’ होतं. इथे मध्यस्थ नाही. फोन थेट ऑफिसच्या सर्व्हरला एक विनंती पाठवतो, आणि सर्व्हर तिला लगेच उत्तर देत नाही. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसवून ठेवलेल्या माणसासारखी ती विनंती ताटकळत राहते. मेल आला, की सर्व्हर त्याच क्षणी उत्तर देतो. नाहीच आला, तर ठरलेल्या मुदतीनंतर ‘काही नाही’ म्हणतो आणि फोन पुन्हा विनंती पाठवतो.

फायरवॉल या युक्तीच्या मुळावर आली. बराच वेळ काहीच हालचाल नसलेली जोडणी तोडून टाकायची, ही फायरवॉलची शिस्त. त्यामुळे चमत्कारिक लक्षणं दिसू लागली. हाताने सिंक केलं की मेल येतो, आपोआप मात्र येत नाही. जोडणी तुटते म्हणून फोन वाट पाहण्याची मुदत कमी करत जातो, वारंवार विनंत्या पाठवतो आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. लोक बॅटरी बदलून पाहत. उत्तर मात्र सर्व्हरच्या नोंदवहीत, ३०३३ क्रमांकाच्या इशाऱ्यात असे: फोनची वाट पाहण्याची सरासरी मुदत ५४० सेकंद किंवा त्याहून कमी झाली आहे, फायरवॉल तपासा. उपाय एका आकड्याचा होता. फायरवॉलची मुदत वाढवून अर्ध्या तासावर नेली, की बॅटरी सुधारे!

दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट. छोटी ऑफिसं पैसे वाचवायला ते स्वतःच तयार करत. विंडोज मोबाइलचे फोन अनोळखी सही पाहून जोडणीच नाकारत. मग ती फाइल फोनमध्ये हाताने घालावी लागे. फोनमधली तारीख चुकली, तरीही वैध सर्टिफिकेट अवैध ठरे.

जुलै २००८मध्ये आयफोनला एक्स्चेंजची जोड मिळाली आणि तक्रारींचं केंद्र फोनच्या अपडेटकडे सरकलं. सप्टेंबर २००९च्या ३.१ आवृत्तीनंतर जुने आयफोन अचानक ऑफिसच्या सर्व्हरला नकोसे झाले. सर्व्हर मागतो ते एन्क्रिप्शन आपल्यात नाही, हे ते या अपडेटनंतर पहिल्यांदा खरं सांगू लागले होते. आधी ते ‘आहे’ म्हणून आत शिरत. २०१०मध्ये आयओएस ४ आल्यावर काहींचं सिंक अडलं, तेव्हा अ‍ॅपलला वाट पाहण्याची मुदत चार मिनिटांवर नेणारी छोटी फाइल द्यावी लागली. सर्वात महाग पडली २०१३ची ६.१ आवृत्ती. कॅलेंडरमधल्या एखाद्या मीटिंगवरून फोन आणि सर्व्हर यांच्यात न संपणारा संवाद सुरू होई, सर्व्हरच्या लॉग फाइली फुगत जात आणि डिस्क भरे. काही अ‍ॅडमिननी ६.१वाले फोन सरळ अडवले. १९ फेब्रुवारीला आलेल्या ६.१.२ने तो घोळ मिटवला.

४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी फोनांच्या सेवा बंद झाल्या. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या एक्स्चेंजमधली नुसत्या नाव-पासवर्डाची जुनी प्रवेशपद्धत टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. ज्या फोनांना नवी पद्धत ठाऊक नव्हती, ते बरोबर पासवर्ड दिला तरी पुन्हा पुन्हा तोच मागू लागले. खातं काढून पुन्हा जोडायचं किंवा नवं मेल अ‍ॅप घ्यायचं, एवढाच इलाज. ऑफिसातला सर्व्हर क्लाउडवर गेल्यामुळे मध्यस्थ परतला आहे. तिथे बिघाड झाला, की अ‍ॅडमिनही इतरांसारखाच सेवेच्या स्थितीचं पान उघडून पाहतो.