तोलेदोचे सांगणारे

माद्रिदहून रेल्वेने अर्ध्या तासात तोलेदोला पोचले. ताहो नदीच्या वळणातले हे शहर १०८५ मध्ये सहाव्या अल्फोन्सोने घेतले. अरबी ग्रंथ इथेच राहिले. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’साठी क्रेमोनाचा जेरार्ड इथे आला आणि ११७५ मध्ये त्याने तो लॅटिनमध्ये आणला. इथल्या अनेक भाषांतरांत एकजण अरबी वाचून बोलभाषेत सांगे, दुसरा ते लॅटिनमध्ये उतरवी. नाव बहुधा लिहिणाऱ्याचेच उरे. जेरार्डला सांगणारा गालिप्पुस आपल्याला ठाऊक आहे तो डॅनियल ऑफ मॉर्लीने त्याचा उल्लेख केला म्हणून. पंचतंत्रही पहलवी, अरबी अशा मजला करत तेराव्या शतकात कास्तिलियन भाषेत गेले, तेही निनावी हातांनी. आम्हा भाषांतरकारांना आज मुखपृष्ठावर नाव हवे असते. ही बाकी आठशे वर्षांची आहे.