सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले पत्र

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अंतिम असतो, हे आपण नागरिकशास्त्राच्या तासाला पाठ केले होते. पण अंतिम निकालही चुकू शकतो आणि तसे न्यायाधीशांना सांगता येते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. ते सांगणाऱ्या चौघांपैकी एक होत्या पुणे विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या डॉ. वसुधा धागमवार.

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात भावाच्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणले गेले. आईवडील नसलेली, मजुरी करणारी, वय चौदा ते सोळा. म्हणजे आपण दहावीला होतो, साधारण तेवढीच. रात्री ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचे तिने सांगितले. सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती होती, असा निष्कर्ष काढला गेला.

सप्टेंबर १९७९ मध्ये धागमवार यांनी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या दिल्लीच्या प्राध्यापकांसह सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हा त्याचा गाभा. गरीब, अल्पवयीन मुलगी पोलीस ठाण्यात कोणाच्या बळावर ओरडणार, असा त्यांचा सवाल होता. पत्राने देशभरातल्या स्त्री संघटना जाग्या झाल्या, मोर्चे निघाले. निकाल मात्र बदलला नाही. बदलला तो कायदा. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतील बलात्कार हा वेगळा, अधिक कठोर शिक्षेचा गुन्हा झाला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरायचे, असे कलम पुरावा कायद्यात आले.

धागमवार यांचे संशोधन भारतीय दंडसंहितेवर होते. पण त्या ग्रंथालयात अडकून पडल्या नाहीत. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्राणीच्या आदिवासींपर्यंत कायदा कसा पोहोचतो, की पोहोचतच नाही, याचा त्यांनी अभ्यास केला. १९८५ साली दिल्लीत त्यांनी 'मार्ग' ही संस्था सुरू केली. सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कायदा समजावणे हे तिचे काम. २०१४ साली त्या गेल्या.

आपल्या वर्गातली काही मुले दौंडच्या एसआरपी कॅम्पातून येत. काही जण आज स्वतः वर्दीत आहेत. म्हणून हे मुद्दाम लिहिले. शिरूरच्या किंवा दौंडच्या ठाण्यात एखादी घाबरलेली मुलगी येऊन नुसती उभी राहील, तेव्हा तिच्या गप्प बसण्याचा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. त्या पहिल्या मुलीला न्याय मिळाला नाही. तिच्यानंतरच्या मुलींसाठी मात्र चार शिक्षकांनी, चूक दिसल्यावर आपले सर-बाई वहीवर लाल शेरा मारीत तसा, थेट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर शेरा मारला.