खाऱ्या पाण्याचा फिश टँक: पहिला मासा आणण्याआधी काय करायचं?

रीलमध्ये निळ्या प्रकाशात डोलणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश दिसतो आणि असा टँक आपल्याही घरी हवा असं वाटू लागतं. दुकानात काच, मीठ आणि मासे एकाच दिवशी मिळतातही. पण टँक भरला त्याच दिवशी मासे सोडले, तर ते जगण्याची शक्यता फार कमी असते. खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये खरं काम पहिला मासा येण्याआधीच्या चार-सहा आठवड्यांत होतं.

टँक केवढा घ्यावा?

लहान टँक सोपा, हा पहिला गैरसमज. पाणी कमी असलं की तापमान, क्षार आणि घाण यांचं प्रमाण झपाट्याने बदलतं आणि चूक सुधारायला वेळच मिळत नाही. म्हणून सुरुवात १०० लिटरच्या पुढेच करावी. २ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँकमध्ये साधारण १२० लिटर पाणी मावतं. पाणी, वाळू, दगड आणि काच मिळून वजन दीडशे किलोच्या वर जातं. त्यामुळे साध्या टीपॉयवर हा टँक ठेवता येत नाही, भक्कम स्टँड लागतो. खिडकीतलं थेट ऊन टाळावं, नाहीतर शेवाळ माजतं.

समुद्राचं पाणी आणलं तर?

किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि रोगजंतू असू शकतात. पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं पाणी मिसळल्याने त्याचा खारेपणाही घटतो. स्वयंपाकाचं मीठही चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड असतं. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, कार्बोनेट असं बरंच काही असतं आणि माशांना ते लागतं.

म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारं समुद्री मीठच वापरावं. खऱ्या समुद्रात दर लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे १०० लिटरला साधारण साडेतीन किलो मीठ. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास ठेवावं. मीठ आरओच्या पाण्यात विरघळवावं. मात्र घरातल्या अनेक आरओ यंत्रांत खनिजं पुन्हा मिसळलेली असतात. टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ आला, तरच ते पाणी योग्य.

बाकी काय लागतं?

पाणी खेळतं ठेवणारा पंप, फिल्टर, दिवा, थर्मामीटर, वाळू, दगड आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच तपासायचे टेस्ट किट. प्रोटीन स्किमर हे यंत्र बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसासोबत बाहेर काढतं.

तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस हवं. थंड देशांत हीटरचा खर्च असतो, आपल्याकडे उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून पाण्यावर पंख्याचा वारा सोडला की तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. तेवढ्याने भागलं नाही, तर चिलर घ्यावा लागतो. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

चार-सहा आठवडे थांबायचं कशासाठी?

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो आणि अशा पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने कमी घातक असतं आणि पाणी बदलून काढता येतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाळूत आणि दगडांत वाढायला हे आठवडे लागतात. यालाच ‘सायकलिंग’ म्हणतात.

त्यासाठी रिकाम्या टँकमध्ये थोडा अमोनिया किंवा कोळंबीचा तुकडा टाकून जिवाणूंना खाद्य दिलं जातं. पूर्वी स्वस्तातला एखादा मासा सोडून हे काम व्हायचं. त्या माशाचे हाल होत, आणि त्याची गरजही नाही. टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य दिसलं की टँक तयार. मधल्या काळात काचेवर तपकिरी थर आला तर घाबरू नये. नव्या टँकमध्ये तो येतोच.

प्रवाळ आणि समुद्री घोडे ठेवता येतात का?

परदेशी व्हिडिओंमधले टँक जिवंत प्रवाळांनी भरलेले असतात. भारतात मात्र प्रवाळ, समुद्री घोडे आणि समुद्री काकडी यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा असून ३ ते ७ वर्षांचा तुरुंगवास होऊ शकतो. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा दगड अनेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. त्याऐवजी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड घ्यावेत. जिवाणू त्यांतही उत्तम वाढतात.

पहिला मासा कोणता?

हॅचरीत वाढलेली क्लाउनफिशची जोडी. हे मासे कोरडं खाद्य सहज खातात आणि त्यांच्यासाठी समुद्रातून मासा पकडावा लागत नाही. ‘फाइंडिंग नीमो’मधल्या डोरीच्या जातीचा निळा मासा मात्र फूटभर वाढतो. १०० लिटरचा टँक त्याला अपुरा पडतो. नवा मासा मुख्य टँकमध्ये सोडण्यापूर्वी चार आठवडे वेगळा ठेवावा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पसरत नाही.

रोजची काळजी

पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. १०० लिटरमधलं ५ लिटर पाणी उडालं, तर दर लिटरमागचं मीठ ३५ ग्रॅमवरून जवळपास ३७ ग्रॅमवर जातं. म्हणून पातळी उतरली की साधं आरओ पाणीच घालावं, खारं नव्हे. खारं पाणी फक्त दर पंधरवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलताना लागतं. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच द्यावं. आणि एका मासानंतर दुसरा आणण्यापूर्वी दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, कारण वाढलेल्या घाणीइतके जिवाणू वाढायलाही वेळ लागतो.